नाव तेच, पोलाद वेगळे

मराठी मुसलमानांच्या आडनावांची यादी काढली तर अर्धा बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. आतार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, शिकलगार. प्रत्येक आडनावामागे एक धंदा आहे. यातला शिकलगार हा शब्द अरबी ‘सैकल’वरून आला. सैकल म्हणजे झिलई, लखलखीतपणा. तलवार-कट्यारीला धार आणि झिलई देणारा तो शिकलगार. तलवारी गेल्या तेव्हा याच हातांनी चाकू, कात्र्या, अडकित्ते आणि सुताराच्या करवतींना धार लावली. म्हणजे आपल्याकडे आधी काम होते, त्या कामावरून नाव पडले.

आज अत्तर न विकणारे आतार आणि पान न लावणारे तांबोळी असंख्य आहेत. त्यात गैर काही नाही. पण कुणी आतार आपले आडनाव बाजारात नेऊन दुसऱ्याला विकत नाही. गेल्या दीडशे वर्षांत कारखानदारी जगाने मात्र नेमके हेच केले. कामातून मिळालेले नाव कामापासून सोडवले, त्याची वेगळी किंमत ठरवली आणि ते विकले. आज आपण ज्याला ‘ब्रँड’ म्हणतो त्याचा बराचसा इतिहास हाच आहे.

हा इतिहास हातहत्यारांच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतो. साबणाची किंवा चहाची जाहिरात माणसाला वर्षानुवर्षे भुलवू शकते. रंधा, करवत, पाना यांचे तसे नसते. मिस्त्रीच्या हातात पडल्यावर तासाभरात हत्यार आपली लायकी दाखवते. तरीही नावाजलेली हत्यारे एकामागून एक घसरली आणि गिऱ्हाईक बरीच वर्षे जुन्या नावावर विश्वास ठेवून पैसे मोजत राहिले. असे का झाले, हे मी अमेरिकेतल्या तीन नावांच्या आधारे मांडतो. तिथला इतिहास नीट नोंदलेला आहे आणि त्यातले एक नाव आपल्या सुतारांनाही चांगले ठाऊक आहे.

ठशाची किंमत

त्याआधी थोडे इंग्लंडमध्ये जाऊ. शेफील्ड हे शहर चाकू-कात्र्या आणि पोलादी हत्यारांसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कारागिरांची ‘कटलर्स कंपनी’ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. या संस्थेचे एक मुख्य काम म्हणजे प्रत्येक कारागिराच्या ठशाची नोंद ठेवणे. चाकूवर ठसा मारला की तो कुणाच्या भट्टीतून निघाला हे कळे. माल वाईट निघाला तर कुणाचे दार ठोठवायचे, हेही कळे. ठसा ही जाहिरात नव्हती, ती जबाबदारी होती.

एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे नाव इतके मोठे झाले की बाहेर बनलेल्या स्वस्त मालावरही शेफील्डचे नाव टाकले जाऊ लागले. यात जर्मन माल बराच होता. इंग्रज कारखानदारांनी ओरड केली आणि १८८७ मध्ये ‘मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट’ आला. परदेशी मालावर इंग्रजी नाव किंवा खूण असेल तर तो मूळ कुठला, हे लिहिणे बंधनकारक झाले. हेतू असा की ‘मेड इन जर्मनी’ वाचून गिऱ्हाईक माल खाली ठेवेल. झाले उलटे. जर्मनांनी माल सुधारला आणि पुढे तेच तीन शब्द भरवशाची खूण झाले. ठसा मान देतो की बदनामी, हे भट्टीत काय चालले आहे त्यावर ठरते, हा या घटनेचा धडा. पुढच्या शतकात तो विसरला गेला.

डिस्टनची करवत

हेन्री डिस्टन १८१९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मला. चौदा वर्षांचा असताना वडिलांबरोबर फिलाडेल्फियाला आला आणि उतरल्यावर तीनच दिवसांत वडील वारले. परक्या मुलखात पोरका झालेला हा पोरगा करवती बनवणाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. १८४० मध्ये त्याने स्वतःचे काम सुरू केले. त्या काळी अमेरिकेत करवतीसाठी इंग्लंडचे पोलाद लागे. डिस्टनने १८५५ मध्ये स्वतःची पोलादभट्टी उभारली. १८७० च्या दशकात त्याने टॅकोनी भागात नदीकाठी जमीन घेऊन कारखाना तिकडे न्यायला सुरुवात केली आणि कामगारांसाठी घरे बांधली. त्या वस्तीत दारूची विक्री होऊ नये अशी अट त्याने जमिनीच्या कागदपत्रांतच घातली होती. त्याच्या मृत्यूनंतरही कारखाना वाढत गेला आणि जगातल्या सर्वांत मोठ्या करवत कारखान्यांत गणला गेला.

जुनी डिस्टन करवत हातात घेतली की तिचा मोठेपणा कळायला जाहिरात लागत नाही. मूठ सफरचंदाच्या लाकडाची, हाताच्या आकाराला साजेशी कोरलेली. मुठीवर पितळी बिल्ला, त्यावर कंपनीचे नाव. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पाते सगळीकडे सारख्या जाडीचे नसे. दातांकडून पाठीकडे ते पातळ होत जाई. त्यामुळे लाकडाच्या चिरेत करवत अडकत नसे आणि दात फार फाकवावे लागत नसत. अशी घडण वेळखाऊ असते, तिला निष्णात माणूस लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर वीजकरवती स्वस्त झाल्या आणि हातकरवतीची मागणी घटली. १९५५ मध्ये डिस्टन कुटुंबाने कंपनी पिट्सबर्गच्या एच. के. पोर्टर कंपनीला विकली. नाव तेच राहिले. मूठ ओबडधोबड झाली, घडणीतले कष्टाचे टप्पे एकेक करून गळत गेले. पुढे हे नाव आणखी काही मालकांच्या हातांतून फिरले. आज जुनी हत्यारे जमवणारे लोक मुठीवरच्या बिल्ल्याची अक्षरे तपासून करवत कोणत्या काळातली आहे हे ठरवतात. ‘डिस्टन’ एवढे नाव वाचून आता काहीच कळत नाही.

बेली गेला, बेलीचे नाव राहिले

स्टॅन्ली हे नाव आपल्याकडच्या सुतारांना सांगायला नको. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावी १८४३ मध्ये फ्रेडरिक स्टॅन्लीने कडी-कोयंडे, बोल्ट यांचा कारखाना काढला. त्याच कुटुंबातल्या हेन्री स्टॅन्लीने १८५७ मध्ये मोजपट्ट्या आणि पाणसळ बनवणारी वेगळी कंपनी उभी केली. १९२० मध्ये दोन्ही एक झाल्या.

स्टॅन्लीचा लोखंडी रंधा ज्याच्या कल्पनेवर उभा आहे तो माणूस मात्र स्टॅन्ली नव्हता. त्याचे नाव लेनर्ड बेली. रंध्याचे पाते हातोडीने ठोकून पुढे-मागे करण्याऐवजी चाकी फिरवून केसभर सरकवण्याची युक्ती त्याने बसवली. १८६९ मध्ये स्टॅन्लीने त्याचा धंदा विकत घेतला. काही वर्षांतच बेलीचे कंपनीशी बिनसले. त्याने वेगळा होऊन ‘व्हिक्टर’ नावाचे रंधे काढले, कज्जे झाले आणि अखेरीस व्हिक्टरही स्टॅन्लीच्याच हाती गेला. गंमत पुढेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्टॅन्लीच्या रंध्यांवर ‘बेली’ हे नाव ठळकपणे ओतीव अक्षरांत येऊ लागले. माणूस भांडून गेलेला, नाव मात्र लोखंडात कायमचे. नाव आणि माणूस यांची फारकत कशी होते याचे हे जुने उदाहरण.

तरीही तेव्हाचे रंधे उत्तम होते, कारण बनवणारे हात आणि मोजणारे डोळे तेच होते. घसरण नंतर आली आणि ती एकदम आली नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी दोन रंधे आणले होते, एक जुना आणि एक बराच अलीकडचा. दोन्हींवर नाव एकच. आमच्या मोहल्ल्यातल्या सुतारचाचांनी ते खोलून शेजारी शेजारी मांडले आणि एकेक भाग दाखवला. जुन्याची मूठ शिसवीसारख्या गडद लाकडाची, नव्याची प्लास्टिकची. जुन्यात पाते सरकवणारा काटा एकसंध ओतलेला, नव्यात पत्र्याचे दोन तुकडे दुमडून जोडलेला. पाते ज्या तिरप्या बैठकीवर टेकते ती जुन्यात घासून सपाट केलेली, नव्यात नुसता रंग मारलेला. “यातली एकेक गोष्ट चार-आठ आण्यांची बचत आहे,” चाचा म्हणाले, “पण सगळ्या मिळून रंधा थरथरतो.”

एवढ्या एका वाक्यात ब्रँडच्या ऱ्हासाची सगळी रीत आली. कुणी एका दिवशी ठरवून वाईट माल काढत नाही. हिशेबनीस दरवर्षी एक छोटा खर्च कापतो. प्रत्येक कपात एकटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. गिऱ्हाईक पहिली काही वर्षे ओळखत नाही, कारण त्याचा विश्वास आजोबांच्या रंध्यावर बसलेला असतो. तो जुना विश्वास कंपनी थोडा थोडा करून नफ्याच्या खात्यात जमा करत राहते.

ज्याची भट्टीच नव्हती

तिसरे नाव क्राफ्ट्समन, म्हणजे कारागीर. हे नाव १९२७ मध्ये सिअर्स या प्रचंड दुकान कंपनीने नोंदवले. मूळ मालकाकडून ते ५०० डॉलरला घेतले असे सांगितले जाते. सिअर्सने स्वतः क्राफ्ट्समन हत्यारे बनवलीच नाहीत. ती बनवत इतर कारखाने. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची मूर ड्रॉप फोर्जिंग ही त्यांतली एक. तिच्या पान्यांवर दोन आडव्या रेघांच्या जोड्यांमध्ये ‘व्ही’ हे अक्षर असे. खऱ्या कारागिराची ओळख एका अक्षरात उरली होती. पुढे कोलोरॅडो स्प्रिंग्जमधली वेस्टर्न फोर्ज पेचकस आणि पकडी बनवू लागली.

म्हणजे नाव आणि भट्टी पहिल्यापासूनच वेगळ्या होत्या. मग इतका विश्वास कसा बसला? हमीमुळे. पाना मोडला, रॅचेट सरकू लागला, तर दुकानात न्या, नवा घ्या. पावती नको, कारण नको, मुदत नाही. बाप वापरत असलेला पाना मुलाने मोडला तरी बदलून मिळे. मोटार मेकॅनिकसाठी ही हमी म्हणजे रोजगाराचा विमा होता. हत्यार मोडले तर त्या दिवसाची कमाई बुडते, पण गावातल्या दुकानात अर्ध्या तासात नवे मिळते. शिवाय ही हमी कारखान्यांनाही वचकात ठेवत असे. जितका माल मोडेल तितका फुकट बदलून द्यावा लागेल, म्हणून सिअर्सला मजबूत माल घेणेच परवडे.

या चांगल्या काळालाही एक काळी किनार आहे. गार्डनर गावातल्या सिअर्सच्या दुकानात पीटर रॉबर्ट्स नावाचा अठरा वर्षांचा विक्रेता होता. १९६३ च्या सुमारास त्याने रॅचेट पान्याचे सॉकेट बोटाच्या दाबाने झटकन सुटेल अशी रचना बनवली. कंपनीने त्याला सांगितले की याला फारशी किंमत नाही आणि जास्तीत जास्त १०,००० डॉलर देऊन हक्क लिहून घेतले. पुढे असे पाने कोटीहून अधिक खपले. रॉबर्ट्स कोर्टात गेला. १९७७ मध्ये ज्यूरीने त्याला दहा लाख डॉलर देवविले आणि तंटा पूर्ण मिटायला १९८९ उजाडले. हत्यारांवर नाव ‘कारागीर’, आणि खऱ्या कारागिराला आपल्या हुनराच्या दामासाठी पंचवीस वर्षे झगडावे लागले.

२००५ मध्ये सिअर्स आणि केमार्ट एक झाले. दुकानांवरचा खर्च आटला, बरीचशी हत्यारे आशियातून येऊ लागली. हमी कागदावर होती, पण अमेरिकेत घडलेला जुना पाना दिला की बदल्यात बाहेरून आलेला मिळे, आणि रॅचेटच्या बदल्यात कधी दुरुस्त केलेला जुनाच हाती पडे. मग दुकानेच बंद पडू लागली. हमी बदलून घ्यायला जायचे कुठे?

२०१७ मध्ये सिअर्सने क्राफ्ट्समन हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरला सुमारे ९० कोटी डॉलरच्या व्यवहारात विकले. काही रक्कम रोख, काही तीन वर्षांनी, काही पुढच्या विक्रीतला वाटा. पाचशे डॉलरचे नाव नव्वद कोटींना गेले. सिअर्सची स्वतःची भट्टी नव्हतीच, त्यामुळे विकले गेले ते मुख्यतः लोकांच्या मनातला भरवसा. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१९ मध्ये क्राफ्ट्समनचे खरे घर कोणते यावरून दोन्ही कंपन्या कोर्टात उभ्या राहिल्या.

नव्या मालकाने टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे नऊ कोटी डॉलरचा स्वयंचलित कारखाना जाहीर केला. पाने आणि सॉकेट पुन्हा अमेरिकेत बनणार होते. उत्पादन कधी नीट रुळलेच नाही आणि मार्च २०२३ मध्ये कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. तोवर, २०२० मध्ये, कोलोरॅडोची वेस्टर्न फोर्जही बंद झाली होती. भट्टीवरचे जाणते कामगार एकदा पांगले की यंत्रे मांडून ती जाण परत आणता येत नाही. नाव विकत घेता येते, पण हात विकत मिळत नाही.

दोष कुणाच्या माथी

या सगळ्यावर अमेरिकेत एक ठरलेले उत्तर ऐकू येते. माल चीनमध्ये, तैवानमध्ये, भारतात बनू लागला म्हणून बिघडला, असे ते उत्तर. मला ते मान्य नाही आणि ते आपल्याला थेट लागू होते. जालंधर-लुधियानाच्या भट्ट्यांमधून पाने आणि पकडी जगभर जातात. आपल्या रत्नागिरीत बनलेल्या कानशी परदेशांतल्या कारखान्यांत चालतात. नाशिकला पाने-पकडी बनवणारी टपारिया कंपनी तर स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने उभी राहिली. आशियातला कारागीर चांगले काम करू शकत नाही, हे म्हणणे खोटे आहे.

बाहेरून काम देणारी कंपनी नमुना पाठवते, पोलादाचा दर्जा ठरवते, तपासणी किती कडक हे ठरवते आणि मुख्य म्हणजे भाव ठरवते. चांगल्या भावाला चांगला पाना बनतो. भाव दरवर्षी दाबला तर पोलाद हलके होते, उष्णता देण्याचा वेळ कमी होतो, तपासणी उरकली जाते. हा निर्णय जालंधरच्या घणाखाली होत नाही, हजारो मैलांवरच्या कचेरीत होतो. पण पाना मोडल्यावर शिवी पडते ती घण मारणाऱ्याला. त्याचे नाव हत्यारावर नसते, तरी बदनामी त्याच्या देशाच्या नावाने लिहिली जाते. १८८७ च्या कायद्याने जर्मनांवर जो डाग लावू पाहिला, तोच आज आपल्यावर लागतो आहे. जर्मनांनी तो चांगला माल काढून पुसला. आपल्या भट्ट्यांनाही स्वतःच्या ठशाने विकता आले, तर तो पुसता येईल.

उत्तम रंधा आजही बनू शकतो, याचा पुरावाही अमेरिकेतच आहे. मेन राज्यातल्या ली-नील्सन या छोट्या कंपनीने १९८१ पासून स्टॅन्लीच्या जुन्या रचनांवर आधारलेले रंधे बनवले. ते महाग आहेत, पण मिस्त्री ते अभिमानाने वापरतात. म्हणजे विद्या हरवलेली नव्हती, मोठ्या नावांना ती नकोशी झाली होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. स्वस्त हत्यारांमुळे कितीतरी गरीब पोरांना धंदा सुरू करता आला. भारी रंधा ज्याच्या ऐपतीत नव्हता त्याने दोनशे-तीनशे रुपयांच्या रंध्यावर पहिली खुर्ची बनवली. स्वस्त हत्याराशी माझे वैर नाही. स्वस्त हत्यार मोठ्या नावाच्या वेष्टनात महाग विकले जाते, तक्रार त्याबद्दल आहे.

धार लावणारा गेला

हत्यार बिघडले त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याची देखभाल करण्याची रीत मोडली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हातकरवतींचे दात विजेच्या उष्णतेने इतके कडक केलेले असतात की कानस त्यांवरून घसरते. करवत सुरुवातीला सुरेख चालते. बोथट झाली की मात्र धार लावता येत नाही, फेकावी लागते. डिस्टनची करवत आजोबांपासून नातवापर्यंत चाले, कारण दर काही महिन्यांनी कुणीतरी तिला कानस मारत असे. आपल्याकडे ते काम करणाऱ्यांत शिकलगारही होते. करवतच फेकायची ठरल्यावर शिकलगाराचे काय काम?

मागे एका नामवंत कंपनीची पकड माझ्या हातात तार कापताना जबड्यापाशी तडकली. डब्यावर मोठ्या अक्षरांत हमी छापलेली होती. दुकानदार म्हणाला, “कंपनीकडे पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा, महिनाभर लागेल.” हिशेब केला तर कुरिअर आणि बुडालेले दिवस मिळून नवी पकड आली असती. हमी खोटी नव्हती, फक्त ती वापरणे परवडत नव्हते. दुकानदारही बिचारा काय करणार? त्याची आणि बनवणाऱ्याची कधी भेटच झालेली नव्हती.

म्हणून हत्यार घ्यायला जाल तेव्हा नाव जरूर पाहा, पण तिथे थांबू नका. कोणी बनवले, कुठे बनवले आणि मोडले तर याच गावात कुणाकडे न्यायचे, हे विचारा. धार लावता येते का, सुटा भाग मिळतो का, हे विचारा. दुकानदाराला उत्तर देता आले नाही तर समजा की तुम्ही नावाचे पैसे मोजत आहात. आणि तुमच्या गावात अजून कानस घेऊन बसणारा एखादा शिकलगार किंवा लोहार असेल, तर घरातली बोथट कात्री, विळी, करवत आधी त्याच्याकडे न्या. त्याच्या दुकानावर पाटी नसेल. पण धार नीट लागली नाही, तर उद्या सकाळी तो तिथेच भेटेल.